सैनिकाला मित्राचे नाव द्यावे काय?

बुद्धिबळातल्या प्याद्याला नाव नसते. पटावर आठ प्यादी असतात, त्यांतली चारपाच मरतात आणि डबीत जातात. कुणी हळहळत नाही. पण समजा, त्या आठ प्याद्यांवर आपल्या वर्गातल्या आठ मित्रांच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, तर? खेळाचे नियम तेच राहतील. पटावर चौसष्टच घरे असतील. मग तुमचा खेळ बदलेल काय?

हा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही. संगणकावरच्या एका खेळात जगभरातले खेळाडू गेली तीस वर्षे नेमके हेच करीत आले आहेत. त्यांना तसे करायला कुणी सांगितले नव्हते. या प्रथेबद्दल माझे एक मत आहे, ते विद्यार्थी मित्रांपुढे आणि शिक्षकांपुढे मांडावे म्हणून हा लेख. संगणकावरचे खेळ चांगले की वाईट, या वादात मात्र आज शिरायचे नाही.

खेळ १९९४ सालचा आहे. ज्युलियन गॉलप आणि त्याचा भाऊ निक या दोघा इंग्रज बंधूंनी तो रचला आणि मायक्रोप्रोज या कंपनीने तो बाजारात आणला. युरोपात त्याचे नाव ‘यूएफओ : एनिमी अननोन’ आणि अमेरिकेत ‘एक्स-कॉम : यूएफओ डिफेन्स’. कथा साधीच आहे. १९९९ साली परग्रहावरचे प्राणी उडत्या तबकड्यांतून पृथ्वीवर उतरू लागतात, आणि त्यांना तोंड देणाऱ्या एका जागतिक दलाचे प्रमुख आपण असतो. तबकडी पाडायची, तिथे विमानाने सैनिक उतरवायचे आणि आळीपाळीने लढायचे. आधी आपली पाळी, मग शत्रूची. पाहिजे तेवढा वेळ विचार करा, घड्याळ थांबलेले असते. बोटांच्या चपळाईला इथे काही किंमत नाही. त्या दृष्टीने हा बुद्धिबळाचाच चुलतभाऊ.

पण हा चुलतभाऊ फार निर्दय. प्रत्येक सैनिकाला एका पाळीत वेळेची ठराविक एकके मिळतात. सपाट जमिनीवर एक घर चालायला चार एकके लागतात. बंदूक झाडायला, गुडघ्यावर बसायला, मागे वळायलाही एकके खर्च होतात. जो सगळी एकके चालण्यात उडवतो, त्याला शत्रूच्या पाळीत काहीच करता येत नाही. उलट, एकके शिल्लक राखून दबा धरून बसलेला शत्रू आपल्या पाळीतसुद्धा गोळी झाडू शकतो. विमानाच्या फळीवरून जो पहिला खाली उतरतो, त्याच्यावर अंधारातून अशीच गोळी येते. नव्या सैनिकाच्या अंगी २५ ते ४० एकके जीव असतो आणि शत्रूच्या जड बंदुकीच्या एका फटक्याचा जोर सरासरी ११५ एककांचा असतो. अंगावर चिलखत नसेल तर पुढचे गणित करायला पाटी-पेन्सिल लागत नाही.

मेलेला सैनिक परत येत नाही. पुढच्या लढाईला तो ताजातवाना होऊन उभा राहत नाही. यादीतून त्याचे नाव जाते, ते कायमचे. जगलेले सैनिक मात्र लढता लढता शिकतात. त्यांचा नेम सुधारतो, चपळाई वाढते, त्यांना बढती मिळते. म्हणजे दहा लढायांतून घडलेला सैनिक अकराव्या लढाईत एका गोळीने संपतो, तेव्हा दहा लढायांचे शिक्षणही त्याच्याबरोबर जाते.

आता खेळातले भाव पाहा. नव्या सैनिकाच्या भरतीला ४०,००० डॉलर पडतात. तोफ बसवलेली एक छोटी चिलखती गाडी घ्यायची तर ४,२०,००० डॉलर. शत्रूची एक जड बंदूक उचलून आणून विकली, तर १,७१,६०० डॉलर हाती येतात, म्हणजे चार सैनिकांची भरती होऊन वर काही रक्कम उरते. साध्या हिशेबाने पाहिले तर अंधारात पुढे काय आहे हे पाहायला गाडी पाठवण्यापेक्षा माणूस पाठवणे दहापटींनी स्वस्त. खेळ हे तोंडाने सांगत नाही, पण किंमतींचा तक्ता समोर ठेवून आपल्याला तिकडे ढकलतो.

खेळ सुरू होतो तेव्हा आपल्याजवळ आठ सैनिक असतात. संगणक यादृच्छिकपणे त्यांना नावे देतो. काही जर्मन, काही फ्रेंच, काही जपानी, काही रशियन. त्या नावावर टिचकी मारली की ते पुसून आपल्याला हवे ते लिहिता येते. इतकीच ती सोय. काही हिशेबी खेळाडू तिथे सैनिकाच्या गुणांची टिपणे लिहीत, नेम चांगला, ताकद कमी वगैरे. पण बहुतेकांना सुचले ते दुसरेच. त्यांनी भावाचे नाव लिहिले, बाकावरच्या शेजाऱ्याचे लिहिले, आणि एक सैनिक स्वतःच्या नावाचा केला. दुसऱ्या दिवशी शाळेत मित्र विचारू लागले, “मी अजून जिवंत आहे ना?” २०१२ साली फिरॅक्सिस या कंपनीने या खेळाची नवी आवृत्ती काढली, तेव्हा तीत मृत सैनिकांची नावे कोरलेली एक स्मृतिभिंतच ठेवली. २०१६ च्या पुढच्या भागात तर आपल्या ओळखीची माणसे आधीच तयार करून खेळात सोडण्याची खास व्यवस्था आली. खेळाडूंची प्रथा खेळ रचणाऱ्यांनी अशी उचलून धरली.

आता मुद्द्याकडे वळू. नाव दिल्याने संगणकाच्या लेखी काय बदलते? काहीही नाही. त्याच्या स्मृतीत सैनिक म्हणजे आकड्यांची एक रांग. तीत नेमाचा आकडा, चपळाईचा आकडा, जिवाचा आकडा, आणि काही घरांत नावाची अक्षरे. गोळी लागली की चुकली हे ठरवताना त्या अक्षरांकडे संगणक ढुंकूनही पाहत नाही. सहकारी मेला की इतरांचे मनोधैर्य खचते हे त्याला शिकवलेले आहे. अधिकारी मेला तर अधिक खचते, हेही शिकवलेले आहे. मनोधैर्य फार खाली गेले की सैनिक हत्यार टाकून पळतो किंवा भ्रमिष्टासारखा गोळ्या झाडत सुटतो. म्हणजे यंत्राला हुद्दा कळतो. मैत्री कळत नाही.

तेव्हा नावाचा परिणाम झालाच तर तो खेळाडूच्या डोक्यात होतो. तो पाहण्याआधी थोडे गणित करू या. समजा, एका लढाईतून एक सैनिक जिवंत परतण्याची संभाव्यता ०.९५ आहे. म्हणजे शंभरांत पंच्याण्णव, ऐकायला किती सुरक्षित वाटते! पण आठही जण परतण्याची संभाव्यता ०.९५ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ०.६६. दर तीन लढायांपैकी एकीत कुणीतरी कमी होणारच. एकाच सैनिकाकडे पाहिले तर चौदा लढायांनंतर तो उरण्याची संभाव्यता निम्म्याहून थोडी कमी, ०.४९. आठही मित्र दहा लढायांनंतर यादीत असण्याची संभाव्यता सुमारे साठांत एक. तीस लढायांनंतर आठांपैकी सरासरीने दोनही उरत नाहीत.

पण एखाददुसरा उरतोच. तो का उरला, याची गोष्ट मग खेळाडू रंगवून सांगतो. अमुक मित्र नशिबाचा धनी, त्याला गोळी लागतच नाही. वस्तुतः तीस वेळा चिठ्ठ्या उचलल्या तर कुणीतरी उरायचेच होते; तो कोण, एवढेच आधी माहीत नव्हते. गंमत अशी की या गोष्टीत कधीकधी तथ्यही असते. मित्राचे नाव असलेल्या सैनिकाला खेळाडू नकळत मागे ठेवतो, चांगले चिलखत आधी त्याला देतो, दार उघडायला दुसऱ्याला पाठवतो. साहजिकच तो अधिक जगतो. त्याचे नशीब खेळाडूच घडवीत असतो आणि पुन्हा त्याबद्दल नवलही करतो!

या खेळाच्या निर्दयपणाचीही एक कथा आहे. सोपी, मध्यम, कठीण अशा पायऱ्यांतून खेळाडूने आपली पायरी निवडायची असते. पण पहिल्या आवृत्तीच्या रचनेत एक दोष राहून गेला होता. कोणतीही पायरी निवडा, पहिल्या लढाईनंतर खेळ गुपचूप सर्वांत सोप्या पायरीवर येऊन बसत असे. मुरलेल्या काही खेळाडूंनी ‘कठीण पायरीसुद्धा सोपी आहे’ अशी तक्रार केली, तेव्हा १९९५ चा पुढचा भाग अधिकच जहाल करण्यात आला. पण मूळ खेळ क्रूर म्हणूनच गाजला, आणि त्याची ही ख्याती सर्वांत सोप्या पायरीवरच मिळवलेली आहे. यावरून मला वाटते की खेळाडूला बोचत होती ती केवळ शत्रूची ताकद नव्हे. हरवलेल्याला नाव होते, हेही बोचण्याचे एक कारण असले पाहिजे.

नावाच्या या सामर्थ्याचा अभ्यास खेळांबाहेरही झाला आहे. थॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने, ज्यांना पुढे २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, १९६८ मध्ये एक फरक दाखवून दिला. एका ठराविक मुलीच्या शस्त्रक्रियेला पैसे हवेत असे कळले की लोक धावून येतात. पण करवसुली घटली, इस्पितळे मोडकळीस आली आणि त्यामुळे कुठेतरी काही माणसे टाळता येण्याजोग्या कारणांनी मेली, तर फारसे कुणी डोळे पुसत नाही. पहिली ओळखीची व्यक्ती, दुसरी आकडेवारीतली माणसे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना पाच डॉलर देऊन त्यांतले काही दान करण्याची संधी दिली. माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीचे वर्णन वाचून लोकांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. लाखो भुकेल्यांचे आकडे वाचून दिले १.१४ डॉलर. आणि मुलगी व आकडे दोन्ही एकत्र दाखवले तेव्हा १.४३ डॉलर. आकडे जोडल्यावर दान वाढण्याऐवजी घटले.

याहून मला विचार करायला लावतो तो डेबोरा स्मॉल आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. त्यात काहींचे पैसे गेले होते, काहींचे राहिले होते. ज्यांचे राहिले त्यांनी आपल्यातला काही वाटा पैसे गमावलेल्यांपैकी एकाला द्यायचा. घेणाऱ्याचे नाव, वय, चेहरा काहीच कळत नव्हते. होता तो फक्त एक क्रमांक. काही जणांच्या बाबतीत क्रमांकाची चिठ्ठी आधीच काढली होती, काहींच्या बाबतीत ती नंतर काढायची होती. चिठ्ठी आधी निघालेल्यांनी जास्त दिले! म्हणजे नावाचीसुद्धा गरज नाही. ‘कुणीतरी एक’ याऐवजी ‘हाच तो एक’ असे ठरले की मन हलते.

आपल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना हे प्रयोगाशिवाय माहीत आहे. बैलांना सर्जा, राजा अशी नावे असतात. खुराड्यातल्या कोंबड्यांना बहुधा नसतात. विकायला पाळलेल्या बोकडाला घरातल्या मुलांनी लाडाचे नाव ठेवले की मोठी माणसे अस्वस्थ होतात, कारण पुढे काय व्हायचे ते त्यांना ठाऊक असते.

यावर एखादे शिक्षक म्हणतील : “म्हणूनच नाव देऊ नये. सेनापतीने डोके थंड ठेवून निर्णय घ्यायचे असतात. मैत्री मध्ये आली की हिशेब बिघडतो.” या आक्षेपात वजन आहे, तो हसण्यावारी नेता येणार नाही. अनुभवी सैनिक गमावला तर उरलेल्या सर्वांचा धोका वाढतो. म्हणून नवख्याला पुढे पाठवणे हा पुष्कळदा खरोखरच कमी जीव घेणारा निर्णय असतो. आणि आपल्या माणसाला वाचवण्यासाठी दुसऱ्या चौघांना मृत्यूच्या तोंडी देणे, हा माया दाखवण्याचा चांगला प्रकार नव्हे.

पण हिशेब नेमका कशाने बिघडतो ते नीट पाहा. खेळाडू सहसा सर्वांना नावे देत नाहीत. जे मुरले, टिकले, ज्यांना बढती मिळाली, त्यांना मित्रांची नावे मिळतात. नव्या भरतीतल्या पोरांची मात्र संगणकाने दिलेली नावेच राहतात. ती कुणी वाचतही नाही. एकाच विमानात दोन जाती तयार होतात, नावाचे आणि बिननावाचे. मग फळीवरून पहिले कोण उतरणार, हे ठरवायला विचार लागत नाही. हिशेबात सहा माणसे असतात आणि सहा ‘नवशिके’ असतात. पहिल्या सहांचे मोल अवाजवी वाढलेले, दुसऱ्या सहांचे जवळजवळ शून्य झालेले. हा भावनेचा अतिरेक म्हणावा तर तो निम्म्याच माणसांपुरता आहे. उरलेल्या निम्म्यांपाशी भावनाही नाही आणि मोजमापही नाही.

म्हणून माझे मत असे आहे : नावे द्यायचीच तर सर्वांना द्या. काल भरती झालेल्या पोरालाही, विमानात चढण्यापूर्वी. वर्गात चाळीस मुले असतात, नावे कमी पडणार नाहीत. मग पहिला कोण उतरणार हे तुम्हाला खरोखर ठरवावे लागेल. कदाचित तुम्ही नवख्यालाच पाठवाल, आणि ते बरोबरही असेल. पण त्याआधी धूर सोडाल, त्याच्या मागे दोघांना नेम धरून बसवाल, आणि चार लाखांची ती गाडी घ्यायला पैसे पुरतात का तेही पाहाल. बिननावाच्या सैनिकासाठी हे कष्ट कोण घेतो? नावामुळे हिशेब बिघडतो असे मला वाटत नाही. सर्वांना नावे दिली, तर जे हिशेबात यायला हवे होते आणि येत नव्हते ते आत येते.

शास्त्रातही असे झालेले आहे. १९६० साली जेन गुडाल या तरुण इंग्रज बाई आफ्रिकेतल्या गोंबेच्या जंगलात चिंपांझींचा अभ्यास करू लागल्या आणि त्यांनी प्रत्येक चिंपांझीला नाव दिले. वारुळात गवताची काडी घालून वाळवी काढून खाणारा जो चिंपांझी त्यांनी पाहिला, त्याचे नाव डेव्हिड ग्रेबिअर्ड, म्हणजे करड्या दाढीचा डेव्हिड. तज्ज्ञांनी नाके मुरडली. प्राण्यांना क्रमांक द्यावेत, नावांनी निरीक्षक भावनावश होतो, असे ते म्हणाले. गुडालबाईंनी नावे सोडली नाहीत. आज रानात प्राण्यांचा अभ्यास करणारे कितीतरी शास्त्रज्ञ एकेका प्राण्याची ओळख ठेवूनच काम करतात, कारण ‘कळपाने असे केले’ या वाक्यात हरवणाऱ्या पुष्कळ गोष्टी ‘याने असे केले’ या वाक्यात दिसतात.

एक पथ्य मात्र सांगितले पाहिजे. मित्र मेला की लगेच मागची नोंद उघडून लढाई पुन्हा खेळायची, अशी पळवाट या खेळांत असते. ती वापरली की पंच्याण्णवाचे शंभर होतात आणि वरचे सगळे गणित कोसळते. शिवाय, ज्याचे मरण पुसता येते त्याचे नाव घेऊन जपण्यासारखे काय उरले? नावडत्या मुलांची नावे देऊन त्यांना मुद्दाम पुढे धाडण्याचा उद्योगही काही जण करतात. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. नाव किती खोल काम करते याचा तोही एक पुरावाच.

हे सारे पडताळायला संगणक लागत नाही. वर्गात करता येईल असा प्रयोग देतो. वहीच्या पानावर आठ सैनिक लिहा. चौघांना खेळणाऱ्याच्या मित्रांची नावे द्या, चौघांना नुसते क्रमांक. बारा फेऱ्या खेळायच्या. प्रत्येक फेरीत खेळणाऱ्याने दोघांना आघाडीवर पाठवायचे. आघाडीवरच्या प्रत्येकासाठी एक फासा टाका, १ पडला तर तो मेला. मागच्या सहांपैकी प्रत्येकासाठी दोन फासे टाका, दोन्हींवर १ आला तरच तो मेला. मेलेल्याच्या जागी त्याच प्रकारचा नवा सैनिक घ्यायचा, नाववाल्याच्या जागी नाववाला, क्रमांकवाल्याच्या जागी क्रमांकवाला. शेवटी जास्तीत जास्त मूळचे सैनिक उरवणे हे खेळणाऱ्याचे ध्येय. तुम्ही काय मोजत आहात ते मात्र त्याला अजिबात कळू देऊ नका.

मोजायचे ते एवढेच : बारा फेऱ्यांत आघाडीच्या चोवीस जागा भरल्या जातात, त्यांपैकी किती जागांवर नाववाले गेले? मनात दुजाभाव नसेल तर सरासरीने बारा यायला हवेत. एकट्या खेळाडूचे दहा आले तर त्यावरून काही ठरत नाही. वीस जणांकडून खेळवून घ्या, म्हणजे ४८० जागा होतील. त्यांत २४० च्या ऐवजी २३५ आले तर तो योगायोग समजावा. २०० आले तर योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. मग दुसऱ्या वीस जणांना आठही सैनिकांना नावे द्यायला सांगा आणि चौघांच्या नावांखाली, खेळणाऱ्याला न कळवता, तुमच्या वहीत खूण करून ठेवा. दोन्ही गटांचे आकडे शेजारी शेजारी मांडून आम्हांला जरूर कळवा, आणि खेळताना कुणी फासा टाकण्यापूर्वी थबकला असेल, तर कोणत्या नावापाशी थबकला तेही लिहा.